मुलगी बघायला येतात. मुलीने कॉलेज बघायला जायचे नाही?

आपल्याकडे बघण्याचा कार्यक्रम एकाच बाजूने चालतो. मुलाकडचे मुलगी बघायला येतात. तिची उंची बघतात, रंग बघतात, दोन पावले चालायला लावतात, आणि 'कळवतो' म्हणून निघून जातात. ज्या घरात जन्म काढायचा ते घर मुलगी बघत नाही. ते बघायला वडील, चुलते, मामा जातात. शेत किती, विहिरीला पाणी आहे का, मुलाला व्यसन आहे का, एवढे विचारून येतात. प्यायचे पाणी किती लांबून आणावे लागते, संडास आहे की अंधारात बाहेर जावे लागते, हे त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही. विचारतील कसे? पाणी त्यांना आणायचे नसते.

हीच रीत आता मुलींच्या शिक्षणालाही लागली आहे. मी मंठा तालुक्यात महिला मंडळे आणि किशोरी गटांबरोबर काम करते. मुली बारावी होतात, चांगल्या मार्कांनी होतात, पुढे शिकायचे म्हणतात. घरचेही पूर्वीसारखे सरळ 'नाही' म्हणत नाहीत. पण कोणत्या कॉलेजात जायचे हे ठरवायची वेळ आली की पुन्हा वडील, चुलते आणि मामाच बाहेर पडतात. ते कॉलेज 'बघून येतात'. मुलगी घरी बसून त्यांच्या निरोपाची वाट बघते.

माझे म्हणणे सरळ आहे. जिथे तीन-चार वर्षे काढायची ते ठिकाण मुलीने आधी स्वतः जाऊन बघितले पाहिजे, आणि सोबत कोणाला न्यायचे हेही तिनेच ठरवले पाहिजे. ही चैन नाही. शिक्षणाच्या हक्काचाच हा भाग आहे, आणि आपल्या संघटनांनीही त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात घडलेली एक गोष्ट सांगते. गाव लहान आहे, म्हणून नावे देत नाही. दोन मैत्रिणी, पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. एकीच्या घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. दुसरीचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. मधले सहा महिने ती आजीजवळ राहून शिकलेली. दोघींना फार्मसीला जायचे होते. सीईटी दिलेली होती. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता.

हा पसंतीक्रम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. आता प्रवेशाचा अर्ज कॉलेजात जाऊन भरायचा नसतो. कॉलेजांची यादी कॉम्प्युटरवर असते आणि आपल्याला हवी ती कॉलेजे एकाखाली एक क्रमाने लावायची असतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते आपोआप पक्के होते, मग त्यातून माघार नाही. म्हणजे यादीत वर काय आणि खाली काय, यावर मुलीची चार वर्षे अवलंबून असतात. आणि ही यादी लावतो कोण? मंठ्याच्या बाजारपेठेतला ऑनलाइन सेंटरवाला, मुलीचा भाऊ आणि फार तर एखादे ओळखीचे सर. ओटीपी येतो भावाच्या नाहीतर वडिलांच्या मोबाइलवर. मुलगी मागे उभी असते. पुष्कळदा ती तिथेही नसते. कागदपत्रे तेवढी येतात.

या दोघींनी ठरवले की यादी लावण्याआधी आपण जाऊन बघायचे. सकाळच्या एस.टी.ने निघाल्या. मंठा, वाटूर, जालना आणि तिथून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दोन कॉलेजे बघितली आणि दिवेलागणीनंतर गावात परतल्या. एकीने आईला खरे सांगितले होते. दुसरीने आजीला.

जालन्याच्या स्टँडवर गावातल्या कोणीतरी त्यांना पाहिले, मोबाइलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. फोटोत काय होते? दोन मुली बाकावर बसून भेळ खात होत्या. तेवढ्यावर गावात चार दिवस चर्चा चालली. एकीच्या आईला नवऱ्याने चारचौघांत बोलून घेतले. दुसरीसाठी चुलत्यांनी आठ दिवसांत स्थळ आणले. तिला अठरा पूर्ण व्हायला तेव्हा चार महिने बाकी होते.

आमच्या मंडळातल्या दोघी आणि मी त्या घरांत गेलो. ग्रामसेवकालाही भेटलो, कारण २००६ च्या कायद्याखाली गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि हे आठवण करून दिल्याशिवाय पुष्कळदा आठवत नाही. स्थळ तेवढे थांबले. पण त्या घरांत जी वाक्ये ऐकली ती या एका गावची नाहीत. म्हणून त्यांना इथे एकेक करून उत्तर देते.

पहिले वाक्य : 'न सांगता कामून गेल्या?' त्या सांगून गेल्या होत्या. आईला आणि आजीला सांगणे हे आपल्या समाजात सांगणे धरले जात नाही, एवढाच याचा अर्थ. आईने दिलेली परवानगी ही परवानगी नव्हेच. ती 'आईने पाठीशी घातले' अशा शब्दांत गुन्ह्यात मोडते.

दुसरे वाक्य : 'त्यात बघायचं काय? मी जाऊन आलो ना.' एकीचे वडील खरोखरच आठ दिवस आधी त्यातले एक कॉलेज बघून आले होते. मी त्यांना विचारले, 'काका, तुम्ही काय काय बघितलं?' ते म्हणाले, 'मोठं गेट आहे. कंपाउंड उंच आहे. गेटवर माणूस आहे. पोरींना बाहेर सोडत नाहीत. शिस्त चांगली आहे.' त्यांच्या मनात खोट नव्हती. मुलीची काळजीच होती. पण त्यांनी जे बघितले ते तुरुंगाबद्दलही म्हणता आले असते. त्यात शिक्षणाचा एक शब्द नव्हता.

मुलींनी काय बघितले? त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणले होते. ते पान मी वाचले, त्यातले सांगते. पहिल्या कॉलेजात मुलींसाठी तीन संडास, त्यातला एक कुलूपबंद, उरलेल्या दोन्हींत नळाला पाणी नाही. पाळीचे कापड किंवा पॅड टाकायला डबा नाही. लायब्ररी पाचला बंद. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारले तर त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेतली यंत्रे तपासणी येते तेव्हा उघडतात. लैंगिक छळाविरुद्धच्या समितीचा फलक होता, पण त्यावरच्या दोन मॅडम कॉलेज सोडून गेलेल्या. वसतिगृहात रात्री आठला फोन काढून घेतात. दुसऱ्या कॉलेजचे गेट साधे, नाव कमी. पण प्रयोगशाळा चालू होती, मुली हाताने काम करताना दिसल्या. मेसमध्ये दोघी जेवूनच आल्या. भाकरी मिळते, असे लिहिले होते. परतूरकडच्या मुली तिथे शिकत होत्या, त्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो तेही सांगितले. स्टँडपासून रस्त्यावर दिवे आहेत का, हा प्रश्न लिहून पुढे 'संध्याकाळी साडेपाचला निघालो, कळले नाही' असे प्रामाणिकपणे नोंदवले होते.

मैत्रिणींनो, या पानाला तुम्ही काय म्हणाल? एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासात 'लोकसहभागातून गरजांची पाहणी' हा विषय आम्हाला एक सबंध पेपर म्हणून होता. या मुलींनी तो न शिकता एका दिवसात केला. आणि त्याबद्दल त्यांना बक्षीस काय मिळाले, तर एकीला स्थळ आणि दुसरीच्या आईला शिव्या.

तिसरे वाक्य सगळ्यांत जड : 'जग वाईट आहे ताई. उद्या काही झालं म्हणजे?' हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जून २०२३ मध्ये मुंबईला चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. लांबच्या जिल्ह्यातून शिकायला आलेली मुलगी होती. त्या वेळी खेड्यापाड्यातल्या किती घरांत 'बघितलंस ना?' असे मुलींना ऐकवले गेले असेल! पण त्या घटनेकडे नीट बघा. भिंत होती, गेट होते, नोंदवही होती. आणि संशय ज्याच्यावर होता तो तिथेच रखवालीचे काम करणारा माणूस होता. म्हणजे मुलींना कोंडून ठेवणारी व्यवस्था मुलींना सांभाळतेच असे नाही. मजल्यावर सोबत कोण आहे, तक्रार केली तर कोण ऐकते, रात्री दार ठोठावले तर कोण उघडते, हे प्रश्न उंच कंपाउंड बघून सुटत नाहीत. ते तिथे राहणाऱ्या मुलींनाच विचारावे लागतात, आणि त्या मुली एखाद्याच्या वडिलांपाशी हे बोलणार नाहीत. आपल्या वयाच्या दोघी आल्या तर बोलतील.

कायदाही याच बाजूचा आहे. भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कायदा झाला, हे आपल्याला पाठ आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी जे नियम काढले ते फार थोड्या जणींनी वाचले आहेत. त्यात अंतर्गत तक्रार समिती तर आहेच. विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणात समितीवर विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत, असेही आहे. पुरेसा उजेड हवा, असेही आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुलींच्या येण्याजाण्यावर पहारा बसवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही त्यात आहे. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' या नावाने वसतिगृहाच्या वेळांविरुद्ध आंदोलन सुरू केले. मग आठला फोन काढून घेणारे वसतिगृह कोणत्या नियमाने चालते? वडिलांनी ज्याला शिस्त म्हणून पसंती दिली ती गोष्ट नियमाविरुद्ध आहे, हे त्यांना कोणी सांगायचे?

चौथे वाक्य : 'जायचंच होतं तर भावाला न्यायचं. मैत्रीण कशाला?' याचे उत्तर जरा सविस्तर देते, कारण खरी मेख इथे आहे.

भाऊ सोबत गेला की तो बघतो आणि बहीण त्याच्या मागून चालते. ऑफिसात प्रश्न तो विचारतो. क्लार्क उत्तर त्याला देतो. संडास कसा आहे हे ती त्याच्यासमोर बघायला जाणार नाही. एखाद्या मुलीशी बोलत थांबली तर 'चल लवकर' ऐकावे लागणार. मैत्रीण सोबत असली की एकीला जे विचारायला लाज वाटते ते दुसरी विचारते. एक फॉर्म वाचते तोवर दुसरी आवार फिरून येते. परतीच्या गाडीत दोघी ताडून बघतात : तुला काय वाटलं, मला काय वाटलं. निर्णय असाच तयार होतो. वरून आलेला निर्णय पाळायचा असतो. असा बोलून तयार झालेला निर्णय आपला असतो, आणि पुढे अडचण आली तरी तो निभावायचे बळ येते.

एकटीने जाणाऱ्यांनाही इतिहासात मोठा मान आहे आणि तो असायलाच हवा. १८८० च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. वर्गातली मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. त्या तरीही पहिल्या आल्या, आणि विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. अशा बाईचे कौतुक करावे तितके थोडे. पण प्रत्येक मुलीने एवढे सोसूनच शिकले पाहिजे अशी अट आपण घालायची का? सावित्रीबाईंबरोबर फातिमा शेख होत्या. शिकणाऱ्या बाईला सोबतीण लागते, आणि ती राखण करणारी नसून बरोबरीची असावी लागते.

आपल्या समाजात बाईच्या सगळ्या नात्यांना नाव आणि जागा आहे : लेक, बहीण, सून, जाऊ, नणंद. मैत्रिणीला मात्र जागा नाही. लग्नात मैत्रिणीने हळद लावायची आणि बाजूला व्हायचे. दोन पुरुष मित्र मिळून गाव सोडतात, खोली करतात, धंदा टाकतात. त्याला दोस्ती म्हणतात. दोन मुली मिळून एक दिवस कॉलेज बघून आल्या तर त्याला 'एकमेकींना बिघडवलं' म्हणतात. त्या दोघींपैकी एकीच्या घरी मला हेच वाक्य ऐकवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच्या घरीही तेच. प्रत्येक घराला दुसरीच बिघडवणारी वाटत होती.

त्या दिवशी सगळ्यांत वेगळे बोलली ती आई. नवऱ्याच्या मागे दारात उभी होती. ती म्हणाली, 'मला बगून गेले व्हते ताई. म्या कायबी बगितलं नव्हतं. उतरले तवा कळलं की पानी आर्ध्या कोसावर हाय.' तिने लेकीला जाऊ दिले ते का, हे एवढ्यात आले. जालना जिल्ह्यात आजही वीस ते चोवीस वयाच्या दर तीन बायकांमागे साधारण एकीचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झालेले आहे, आणि शेजारच्या परभणीत जवळजवळ निम्म्या जणींचे; सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीने हे दाखवले. या मुलींच्या आया त्याच वाटेने आल्या आहेत. न बघता पाठवले जाणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

सरकारबद्दलही बोलले पाहिजे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा समाजाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण फी माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. चांगले झाले, आणि त्यासाठी बोलणाऱ्या, लढणाऱ्या सगळ्यांचे ते यश आहे. पण फी माफ म्हणजे राहणे-जेवणे माफ नव्हे. खोलीभाडे, मेस, पुस्तके घरानेच द्यायची. खोली आणि मेस कशी आहे, किती लागते, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आणि न कळता गेलेली मुलगी दिवाळीला घरी येते ती परत जात नाही, असे मी एकीहून अधिक जणींच्या बाबतीत पाहिले आहे. मग 'मुलींना शिकायचंच नसतं' म्हणायला गाव मोकळे. तिकीट अर्धे झाले. परवानगी मात्र अजून पूर्ण लागते.

आता थोडे आपल्या घरातले. या प्रकरणानंतर एका बैठकीत काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणाल्या, 'आधी बालविवाह थांबवू या, मग कॉलेज बघण्याचं बघू.' मला हे पटत नाही. लग्न थांबवले आणि पुढे काहीच दिसत नसले तर ते लग्न सहा महिन्यांनी, अठरा पुरे होताच, वाजतगाजत होते. मुलीला पुढची जागा डोळ्यांनी दिसली असेल तर ती स्वतः लग्नाला नाही म्हणते आणि त्या नाहीला आधार असतो. दुसऱ्या काही संस्था म्हणतात, 'आम्ही मुलींची सहल नेतो ना.' पन्नास मुली, एक गाडी, एकसारखे टी-शर्ट, पुढे बॅनर, दारात फोटो, आणि प्राचार्यांचे भाषण. त्या सहलीत कुलूपबंद संडास दिसत नाही, कारण त्या दिवशी तो उघडलेला असतो.

म्हणून काही ठोस सुचवते. एक, प्रत्येक किशोरी गटात बारावीच्या मुलींनी जोडीने कॉलेज बघायला जाण्याचा कार्यक्रम ठेवावा. तिकिटाचा आणि जेवणाचा खर्च मंडळाने करावा, पण सोबत कार्यकर्तीने जाऊ नये; फोनवर असावे. दोन, पसंतीक्रम भरताना मुलगी स्वतः कॉम्प्युटरपुढे बसेल आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर येईल, हे बघावे. तीन, कॉलेजांकडे मागणी करावी की प्रवेशाच्या काळात ठरावीक दिवशी आवार, वसतिगृह, मेस मुलींना खुले असावे, आणि माहिती शिकत असलेल्या विद्यार्थिनींनी द्यावी. चार, तक्रार समितीची चालू नावे आणि फोन फलकावर नसतील तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. कायद्याने ते लावावेच लागतात. पाच, आणि हे सगळ्यांत अवघड, आयांच्या बैठकीत हा विषय काढावा. परवानगी द्यायला त्या तयार आहेत. त्यांनी दिलेली परवानगी परवानगी धरली जावी, यासाठी आपण त्यांच्यामागे उभे राहायचे आहे.

त्या दोघींचे काय झाले, असे वाचणाऱ्या विचारतीलच. एकीने स्वतः लावलेल्या यादीप्रमाणे ते साधे गेट असलेले कॉलेज घेतले आणि ती तिथे शिकते आहे. दुसरीला घरच्यांनी बाहेर पाठवले नाही, मंठ्यातच बी.एस्सी.ला नाव घातले आहे. स्थळे अजून येतात. पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देणार, असे ती म्हणते. तिची मैत्रीण दर महिन्याला तिला आपल्या नोट्सच्या झेरॉक्स मंठ्याच्या एस.टी.त बसणाऱ्या ओळखीच्या मुलीबरोबर पाठवते. या मुलीचे पुढचे वर्ष वाया जाऊ नये यासाठी तिच्या घरी पुन्हा जावे लागेल, एकदा नव्हे, पुष्कळदा. तुमच्या तालुक्यातही अशी एक असेलच. येत्या उन्हाळ्याच्या आधी तिच्या घरी जाऊन या, आणि काय झाले ते आपल्या अंकाला कळवा.